आधी दादाला फोन

४ मार्च, रविवार

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही लिहिणार नाही. डोकं तापलेलं असताना साष्टांग घालता येत नाही.

पत्र लिहायची वेळ आली, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पोराचा शाळेत प्रवेश अडला, कुणाला साहेबाने झापलं, सगळ्यांचे फोन तू तोंडातला घास तसाच ठेवून उचलतोस. ट्रकच्या हॉर्नसारखा कोकलणारा तो तुझा फोन कुठे वाजला की माणसं मागे वळून बघायच्या आधीच म्हणतात, दादा आले. फक्त बहिणीचा नंबर दिसला की तुला ऐकू कमी येतं. बरं. पत्र फाडायचं असलं तरी कुणाचं आहे एवढं बघायला उघडावंच लागतं.

लाँड्रीच्या कॅन्टीनला कुलूप घातलंस ते मी पाहिलं. नवं कोरं कुलूप! लाँड्रीच्या मागच्या दाराची कडी महिनोन्‌महिने तुटलेली आहे, ती साखळीने बांधून ठेवली आहेस, तिच्यासाठी तुला वेळ मिळाला नाही. आठ-दहा बायका रविवारी दुपारी बाकावर बसून इंग्रजी शिकतात, त्यासाठी मात्र दुसऱ्या दिवशी कुलूप हजर.

मागच्या रविवारी तू धावत आत आलास तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. आतून बायका 'हेल्प! हेल्प!' ओरडत होत्या आणि तुला वाटलं आग लागली. दार ढकललंस तर समोर तुझ्याच हाताखालच्या कामकरी बायका ओळीने उभ्या, आणि मी टेबलावर चढून सांगते आहे, "अजून जोरात! रस्त्यापर्यंत जायला हवा आवाज!" तू हसला असतास ना, तर मीही टेबलावरून उतरून हसले असते. पण तू म्हणालास, "हा काय तमाशा लावलायस, टिटवे?"

टिटवी म्हणायचा हक्क तुझा आहेच. लहानपणापासून आवाज तसाच आहे माझा. पण विद्यार्थिनींसमोर नको ना रे. तिथे मला बाई म्हणतात.

आणि पुढे काय म्हणालास, तर "यांना हे कशाला हवं? काही झालं तर मी आहे ना."

तू आहेस, हेच तर दुखणं आहे. या सगळ्या बायकांना तू कामाला आणलंस, राहायला खोल्या बघून दिल्यास, सकाळ-संध्याकाळ गाडी लावलीस. मुकादम म्हणून तुझ्याइतका जीव लावणारा दुसरा नाही, हे मी चारचौघांत म्हणते. पण त्या धुलाईच्या मोठ्या यंत्रावर तू तुझ्या हाताने लाल अक्षरात लिहून चिकटवलं आहेस, 'काही झालं तर आधी दादाला फोन'. ऑफिसात वर जायचं नाही, साहेबाशी बोलायचं नाही, आधी दादा. त्या कागदाला आता साबणाच्या वाफेने फुगवटे आले आहेत, तरी बायका त्याच्याकडे देव्हाऱ्यासारखं बघतात.

सगळ्या जिला लाजाळू म्हणतात तिचा हात तापलेल्या रुळात गेला त्या दिवशीही बघितलं त्यांनी त्या कागदाकडे. चादरी दाबायच्या त्या रुळाची सगळ्यांनाच भीती वाटते. लाजाळूला तर आधीच कुणाशी मान वर करून बोलायची चोरी. तिने हात ओढून काढला, ओरडलीसुद्धा नाही म्हणे. बाकीच्यांनी तिला नळाखाली उभं केलं आणि तुला फोन लावला. परत लावला. तू हॉटेलवाल्यांच्या बैठकीत होतास, त्या दिवशी कधी नव्हे तो हॉर्न बंद. एक जण फोन लावतेय, एक पाणी सोडतेय, एक लाजाळूला धरून उभी. वर जिन्याच्या टोकाला साहेब बसलेला. हाताशी फोन, या देशातला तातडीच्या मदतीचा तीन आकडी नंबर लहान पोरांनाही पाठ. पण कुणी तो दाबला नाही. दाबून इंग्रजीत बोलणार काय?

तू आलास, धावतपळत आलास, दवाखान्यात तूच नेलंस, सगळं खरं. पण तिची दोन बोटं आता वळत नाहीत. डॉक्टर म्हणाला, लवकर आणायला हवं होतं. हे इंग्रजीत म्हणाला, म्हणून ते फक्त तुला आणि मला कळलं. तू ते तिला सांगितलं नाहीस. मी सांगितलं. तिथूनच आपलं बिनसलं, कुलूप ही नंतरची गोष्ट.

तर कळव तुझ्या कुलपाला, वर्ग बंद झालेला नाही. माझ्या खोलीबाहेरच्या जिन्यावर भरतो. पायऱ्या आहेत, बसायची सोय आयतीच झाली.

तुझी (अजूनही) बहीण


१८ मार्च, रविवार

दादा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं. पण वहिनीकडून निरोप आला, "जी बाई जिन्यावरच्या वर्गाला जाईल, तिला गाडीत जागा नाही." वा! म्हणजे पत्र वाचतोस तर.

गाडी बंद केलीस त्याचं काय झालं ते ऐक. बायका पायी जायला लागल्या. आणि पायी जाताना त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण कुठे काम करतो! हसू नकोस. मी विचारलं होतं वर्गात, लाँड्रीचा पत्ता काय? एक म्हणाली, "गाडीतून उतरायचं, मग हिरवं फाटक." घरचा पत्ता? "दादांच्या ओळखीच्या वाण्याच्या वरती." आता त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला काय सांगायचं, दादांच्या ओळखीच्या वाण्याच्या वर या म्हणून? मग आम्ही सगळ्या मिळून रस्त्यावर निघालो, कोपऱ्यावरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली, फाटकावरचा आकडा वाचला. प्रत्येकीला तिच्या तिच्या दारापर्यंत नेलं. रस्त्याचं नाव येताजाता म्हणायचं, भाजी चिरताना म्हणायचं, पोराला झोपवताना म्हणायचं. कुणीही झोपेतून हलवलं तरी पत्ता आला पाहिजे. तुझ्या गाडीने हे कधी झालं नसतं, त्याबद्दल आभार.

एक पंचाईत वेगळीच आहे. या बायका मदत मागायलाच तयार नाहीत. लाटणं कानाला लावून मी झाले फोनवरची बाई. समोरची विद्यार्थिनी आधी "गुड आफ्टरनून मॅडम", मग "सॉरी टू डिस्टर्ब", मग माझी तब्येत विचारते. मी म्हटलं, अगं तुझ्या मागे घर पेटलंय! तर म्हणते, "हो, पण एकदम कसं सांगायचं, बरं दिसतं का?" मी कपाळावर हात मारला. आपल्याला लहानपणापासून शिकवलं काय, तर कुणाच्या दारात काही मागायला उभं राहायचं नाही आणि राहिलंच तर आधी इकडचं तिकडचं बोलायचं. मी वर्गात फर्मान काढलं. पहिला शब्द, हेल्प. दुसरी गोष्ट, पत्ता. तिसरी, काय झालंय. चौथं काहीही बोललात तर दंड म्हणून माझ्या खोलीतली भांडी घासायची. मागच्या आठवड्यात माझी सगळी भांडी चकचकीत होती.

व्याकरण घरी ठेवून या म्हणते मी. 'मॅन फॉल डाऊन' म्हटलं तरी ॲम्ब्युलन्स येते.

आणि ओरडणं! जिन्यावर ओरडायला सुरुवात केली त्या दिवशी तळमजल्यावरचा म्हातारा शिंपी पाण्याची बादली घेऊन धापा टाकत वर आला. त्याला आपली भाषा येत नाही, आपल्या बायकांना त्याची. मी त्याला समजावून सांगितलं. तो बादली खाली ठेवून पायरीवर बसला आणि म्हणाला, मग फोनवरचा माणूस मी होतो, तुम्हाला अनोळखी आवाजाची सवय हवी. आता दर रविवारी टेप गळ्यात घालून येतो. असा कडक ऑपरेटर आहे म्हणून सांगू! "हू? व्हेअर? ब्रीदिंग?" तिसरा प्रश्न तो प्रत्येकीला विचारतोच. मग घोंगडी गुंडाळून माणूस म्हणून खाली ठेवली आहे, तिच्या तोंडाशी हात नेऊन बघायचं, श्वास चालू की नाही, आणि मगच उत्तर द्यायचं. घोंगडी बिचारी दर रविवारी मरता मरता वाचते.

लाजाळू अजून ओरडत नाही. तोंड उघडते, हवा येते, आवाज नाही. मी तिच्या मागे लागले नाही. पण ती एक रविवार चुकवत नाही, आणि ती न वळणारी बोटं मांडीवर ठेवून सगळं ओठांत पुटपुटते.

एक नवी विद्यार्थिनीही आली आहे. नाव सांगणार नाही, तू काहीही कर. तिच्या नवऱ्याला कळलं तर घरात महाभारत होईल. एवढंच सांगते की तोही तुझ्यासारखाच आहे, अख्ख्या जगाच्या वतीने बोलणारा. इतकी वर्षं इथे काढली तिने, पण दुकानात, दवाखान्यात, शाळेत सगळीकडे तोच बोलला. तिला स्वतःच्या रस्त्याचं नाव माहीत नव्हतं. पाटी वाचली तेव्हा म्हणाली, "एवढं छोटंसं नाव होतं होय?" आणि डोळे पुसले. मला रडू आलं नाही, मला राग आला.

पुढच्या रविवारीही वर्ग आहे. गाडी नाही पाठवलीस तरी चालेल.

टिटवी (बाई)


१५ एप्रिल, रविवार

दादा,

काल तू जिना चढून माझ्या दाराशी आलास. दोनदा कठड्याला धरून थांबलास, मी वरून बघत होते. पाणी विचारलं तर नको म्हणालास. शर्ट घामाने चिंब. ऊन एवढं नव्हतं. ते आधी लिहिते, कारण नंतर मी चिडणार आहे आणि हे राहून जाईल. डॉक्टरकडे जा. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, छातीला हात लावून जिना चढणारी माणसं मला चांगली ओळखू येतात. "ॲसिडिटी आहे" हेही सगळे तुझ्यासारखंच म्हणतात.

आता चिडते.

लाजाळूला तू कामावरून काढलंस. कशासाठी? वाळवायच्या यंत्रामागे कापसाचा भुगा साचला होता, तो धुमसायला लागला. पहिला धूर तिला दिसला. तिने तुझ्या त्या लाल अक्षरांच्या कागदाकडे बघितलं, हे तिनेच मला सांगितलं, खोटं बोलणारी नाही ती. मग तिने फोन खिशात टाकला, जिना चढली, साहेबाचं दार न ठोठावता उघडलं आणि ओरडली. दादा, ओरडली! माझ्या जिन्यावर जिच्या तोंडून हवा यायची ती! "हेल्प! फायर! डाऊन! यू कम!" साहेब उडालाच म्हणे खुर्चीतून. लाल नळकांडं घेऊन तिच्या मागे खाली धावला आणि आग यंत्राबाहेर यायच्या आत विझली. बायका मागच्या दाराकडे पळाल्या होत्या आणि ते साखळीने बांधलेलं होतं. पुढचं मी लिहीत नाही, तुझं तुला कळतं.

त्यावर साहेबाने तुला विचारलं की आग लागली ते मुकादमाला सगळ्यांच्या शेवटी कसं कळलं, आणि ती साखळी कुणी बांधली. तुझा पाणउतारा झाला, मान्य. पण त्याचा राग तू कुणावर काढलास? जिने अख्खी लाँड्री वाचवली तिच्यावर! "तिने आधी मला सांगायला हवं होतं." सांगितलं असतं, दादा. तू गाडीत होतास, सिग्नलला. तोवर काय तिने धुराला चहा विचारायचा होता?

माझ्या दाराशी उभा राहून तू म्हणालास, "तुला इंग्रजी कुणी शिकवलं? मी. विसरलीस?"

नाही विसरले. कसं विसरेन? बाबा गेल्यावर तू ट्रकमधून खोकी उतरवायचास आणि खोक्यांवरचे शब्द पाठ करून घरी आल्यावर मला म्हणून दाखवायचास. 'धिस साइड अप'. 'हँडल विथ केअर'. माझं पहिलं इंग्रजी खोक्यांवरचं आहे, आणि ते तू शिकवलंस. माझी शाळा तू चालू ठेवलीस, स्वतःची सोडून. इथे आलो तेव्हा प्रत्येक ऑफिसच्या खिडकीसमोर तू उभा राहिलास आणि लोकांनी तुझ्या उच्चारांची टर उडवली तरी मागे हटला नाहीस. मी तुझ्या शर्टाचं टोक धरून मागे उभी असायचे. मला वाटायचं, माझा भाऊ राजा आहे. अजून वाटतं, म्हणूनच एवढी भांडते. दुसऱ्या कुणाशी मी दोन ओळींचं भांडण केलं नसतं.

पण ज्याला स्वतःला बोलता आलं म्हणून सुटका झाली, त्याने दुसऱ्यांना मुकं ठेवायचं? तुला वाटतं मी तुझी जागा घेतेय. मला तुझी जागा नको रे बाबा, तुझा फोन दिवसाकाठी किती वाजतो ते माहीत आहे मला. मला एवढंच हवंय की तो वाजला नाही तरी कुणाचं बोट जाऊ नये.

आणि एक विचार कर. सगळ्यांसाठी तू बोलतोस. तू पडलास तर तुझ्यासाठी कोण बोलणार आहे?

तुझ्या धमकीने काही बायका आज आल्या नाहीत. पोटाचा प्रश्न आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण लाजाळू आली. नवी विद्यार्थिनीही आली, घरी देवळात जाते सांगून. शिंपीबुवा तर वेळेच्या आधीच येऊन बसले होते. तिघं असली तरी वर्ग होतो, आणि एकटी घोंगडी उरली तरी मी तिला शिकवीन.

लाजाळूला परत घेईपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस. डॉक्टरकडे मात्र जा.

तुझीच


२४ एप्रिल, मंगळवार

दादा,

नर्सने बजावलंय, पेशंटला बोलू द्यायचं नाही. वाचू द्यायचं नाही असं ती म्हणाली नाही, म्हणून कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून लिहितेय. आत वहिनी तुझ्या उशाशी आहे. ती हे तुझ्या हातात देईल. यावेळी फाडता येणार नाही, एका हाताला सलाईन आहे.

रविवारी सकाळी काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. तू सारखा डोळ्यांनी विचारतोस आणि वहिनी पदराने तोंड पुसून "मग सांगते" म्हणते. ती सांगणार नाही. मी सांगते.

तू दाढी करत होतास. ती स्वयंपाकघरात होती. काहीतरी पडल्याचा आवाज झाला, तिला वाटलं पाण्याचा मग पडला. येऊन बघते तर तू बेसिनखाली, गालावर साबण तसाच, ओठ निळे. आणि दादा, तिने पहिलं काय केलं माहीत आहे? फोन घेतला आणि तुलाच लावला.

तुझा शर्ट खुर्चीच्या पाठीला होता. त्याच्या खिशात तो हॉर्न कोकलायला लागला. तू जमिनीवर, फोन खुर्चीवर, आणि ती मधे उभी, कानाला फोन लावून, तू उचलायची वाट बघत. "अहो, उचला ना," असं म्हणाली म्हणे ती. तुझ्याकडे बघून म्हणाली. किती वेळ वाजला ते तिलाही सांगता येत नाही. मला हे सांगताना ती अशी रडली की मी तिला धरून बसले. "वन्सं, मी किती वेडी, समोर पडलेल्या माणसाला फोन लावत बसले," म्हणत होती. मी म्हटलं, वहिनी, तू वेडी नाहीस. इतकी वर्षं या घरात, या लाँड्रीत, या सगळ्या गल्लीत हेच शिकवलंय, काही झालं तर आधी दादाला फोन. तू फक्त शिकवलेलं केलंस.

मग तिने तो फोन कट केला. आणि तीन आकडे दाबले.

तुला आता कळलंच असेल ती नवी विद्यार्थिनी कोण ते. देवळात जाते म्हणून सांगायची ना? देवाची क्षमा मागितली आहे तिने, तुझी मागायची गरज नाही.

पलीकडून बाईचा आवाज आला. वहिनी म्हणते, तिला गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही मी, तुम्ही भांडी घासायला लावाल म्हणून. सरळ म्हणाली, "हेल्प. माय हजबंड." मग रस्त्याचं नाव, घराचा आकडा, निळं दार. पलीकडच्या बाईचं पुढचं अर्धं बोलणं तिला कळलंच नाही. घाबरली. पण तेवढ्यात त्या बोलण्यातून एक शब्द ओळखीचा निघाला, ब्रीदिंग. शिंपीबुवांचा शब्द! ती तुझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली, घोंगडीला लावायची तसा तुझ्या नाकाशी हात लावला आणि फोनमध्ये म्हणाली, "येस. ब्रीदिंग. स्मॉल." डॉक्टरला मी हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, तिने बरोब्बर सांगितलं.

पलीकडची बाई आणखी काही विचारत राहिली तेव्हा वहिनीला राग आला. आपली वहिनी, जी तुझ्या ताटात मीठ कमी पडलं तरी स्वतःशी पुटपुटते, ती त्या सरकारी बाईवर ओरडली, "यू कम! नाऊ! नो टॉकिंग!" मग दार सताड उघडं टाकून रस्त्यावर गेली आणि तुझा पिवळा टॉवेल डोक्यावर फिरवत उभी राहिली. ॲम्ब्युलन्सवाल्याने तो टॉवेल कोपऱ्यावरूनच बघितला. त्यांनी तुला उचललं, तोंडावर ते ऑक्सिजनचं लावलं, ही पुढे बसली, सगळं झालं, आणि मग मला फोन केला. मी म्हटलं, अगं आधी का नाही केलास? तर ती मलाच म्हणते, "तुम्हीच शिकवलंत ना, ओळखीचा माणूस नंतर."

दादा, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने की भीतीने, विचारू नकोस. तू गेला असतास. हे एवढं साधं वाक्य मला दोन दिवस लिहिता येत नव्हतं. तू गेला असतास आणि मी तुझ्याशी भांडलेलीच राहिले असते.

पण तुझी छाती दुखली म्हणून माझं म्हणणं बदलेल असं समजू नकोस. उलट आता ऐकून घे, कारण पहिल्यांदा तू मधे बोलू शकत नाहीस.

लाजाळू काल कामावर गेली. तू तिला काढलंस ते नुसतं तुझ्या तोंडाने. वर साहेबाला त्याचा पत्ताच नव्हता. मी जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, ती ओरडणारी बाई? ती कुठे आहे, मी तिलाच शोधत होतो. मागच्या दाराची साखळी निघाली. आतून ढकललं की उघडेल असं दार बसतंय, सुतार कालपासून ठोकतोय.

तो लाल अक्षरांचा कागद मी काढलेला नाही. लाजाळूने काढू दिला नाही. म्हणाली, दादांच्या हातचा आहे, राहू द्या. तिने 'आधी' हा शब्द तेवढा खोडला, वर तीन आकडे लिहिले आणि खाली 'मग' लिहिलं. तिच्या त्या हाताने अक्षर वाकडं आलंय. तरी लांबून वाचता येतं.

तुझ्या चाव्यांचा जुडगा वहिनीकडे आहे. त्यातली कॅन्टीनची किल्ली मी घेतली. मागितली नाही, घेतली. रविवारी वर्ग तिथेच आहे, शिंपीबुवांना एवढे जिने आता झेपत नाहीत. तू बरा झालास की ये. भांडायला ये, कुलूप घालायला ये, नाहीतर दाराशी उभा राहून 'हा काय तमाशा' म्हणायला ये. मी टेबलावर असेन.

पत्र इथेच संपवणार होते, पण आत्ता आत तुझा फोन वाजला. कॉरिडॉरमधली सगळी माणसं दचकली. मी दारातून डोकावले. तू हात पुढे केलास, सवयीने. वहिनीने तुझा हात खाली ठेवला, पांघरुणावरून एकदा थोपटला आणि फोन स्वतः उचलला.

लाँड्रीतलीच कुणीतरी होती. वहिनीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा झोपलेत. किती लागलंय? रक्त थांबत नाही? मग मला काय फोन करतेस, बाई! ठेव आधी. तिकडे लाव. पत्ता येतो ना तुला?"

आणि पलीकडून पत्ता आला. दारात उभ्या मला ऐकू आला, एवढ्या जोरात. तूही ऐकलास, मी बघितलं तुला.

तुझी
टिटवी